हाती एक्के असताना

दिवाळीच्या पाडव्याला जुन्या पंचांगात द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. वर्षभर ज्या खेळाला उंबऱ्याबाहेर उभे करायचे, त्याला या एका दिवशी पाटावर बसवायचे, अशी ही आपल्या पूर्वजांची उदार सोय. याच दिवशी शंकर-पार्वतींनी फाशांचा डाव मांडला आणि शंकर हरले, असे सांगतात. देवाधिदेव बायकोकडून हरला हे ऐकून आपण हसतो. पण फाशांचा दुसरा डाव, कौरवांच्या सभेतला, आठवला की ते हसू मावळते. त्या डावाबद्दल आपण पिढ्यान्‌पिढ्या वाद घालीत आलो आहोत. धर्मराजाने खेळायला बसावे का, भावांना पणाला लावावे का, द्रौपदीला पणाला लावण्याचा त्याला अधिकार होता का, असे प्रश्न विचारून आपण अजून थकलो नाही. एक प्रश्न मात्र आपण फारसा विचारीत नाही. तो हरला का? कारण त्याचे उत्तर तयार आहे. शकुनीने कपट केले.

या तयार उत्तरामुळे एका अवघड प्रश्नातून आपली फुकट सुटका झाली, असे मला नेहमी वाटते. समजा, शकुनी सज्जन असता. फासे सच्चे असते. धर्मराज खेळात कच्चा नसता, उलट सभेतला सर्वांत जाणता खेळाडू असता. प्रत्येक दान त्याने विचाराने टाकले असते, आणि तरीही तो हरला असता, तर आपण कोणावर रागावलो असतो? रागवायला कोणी उरलेच नसते तर त्या रागाचे काय केले असते?

हा प्रश्न महाभारतात सुटत नाही, कारण तिथे तो उभाच राहत नाही. तो अगदी स्वच्छ स्वरूपात उभा राहतो तो अमेरिकेतल्या एका पत्त्यांच्या खेळात. त्या खेळाचे नाव पोकर. मी स्वतः तो खेळत नाही. मास्तराच्या पगाराला तो परवडणाराही नाही. पण गेली काही वर्षे त्याच्या मोठ्या स्पर्धांची चित्रणे मी आवडीने पाहतो. कादंबरी लिहिणाऱ्याला माणसांचे चेहरे पाहण्याची खोड असते. या चित्रणांत प्रेक्षकाला खेळाडूंची झाकलेली पानेही दिसतात आणि चेहरेही दिसतात. मनात काय आहे आणि तोंडावर काय आहे ही दोन्ही एकदम पाहायला मिळण्याचा योग कादंबरीकाराला तरी एरवी कुठे येतो?

खेळ समजायला सोपा आहे. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग मेजाच्या मध्यभागी पाच पाने उघडी मांडली जातात, आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. ही पाच सर्वांची सामाईक. आपली दोन आणि ती पाच मिळून ज्याची पाच पाने सर्वांत वजनदार होतील तो जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे किंवा पाने टाकून मोकळे व्हायचे. स्पर्धेत सर्वजण सारखी रक्कम भरून सारख्याच चिप्स घेऊन बसतात. चिप्स संपल्या की माणूस उठला. लास व्हेगासला १९७० पासून 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' भरते. तिच्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी १०,००० डॉलर आहे, आणि निकाल लागायला दिवसेंदिवस लागतात.

२०१७ सालच्या मुख्य स्पर्धेत ७,२२१ जण बसले होते. त्यांत व्हनेसा सेल्ब्स्ट ही बाई होती. येल विद्यापीठातून कायदा शिकलेली, यापूर्वी या मालिकेतल्या तीन स्पर्धा जिंकलेली, खेळातली नामांकित. पहिला दिवस, पहिला तास. तिला पहिली दोन पाने आली ती दोन एक्के. यापेक्षा चांगली दोन पाने या खेळात नाहीत. मेजावर पहिल्या तीन पानांत तिसरा एक्का आला. चौथे पान सत्ती. सत्ती आधीही एक पडलेली होती. म्हणजे तीन एक्के आणि दोन सत्त्या, ज्याला फुल हाऊस म्हणतात ते तिच्या हाती तयार झाले. आता तिला हरवू शकेल अशी पानांची एकच जोडी जगात उरली होती: उरलेल्या दोन्ही सत्त्या एकाच माणसाकडे असणे. तिला न दिसणारी पाने ४६. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या होतात १,०३५. त्यांतली एक जोडी. आणि ती समोर बसलेल्या गाएल बोमान या फ्रेंच बाईच्या हाती होती. सेल्ब्स्टच्या ५०,००० चिप्स गेल्या आणि मोठी तयारी करून आलेली ती बाई पहिल्याच तासात उठली.

त्याच स्पर्धेचा शेवटचा डावही पाहण्यासारखा आहे. उरले दोघे, स्कॉट ब्लमस्टीन आणि डॅनियल ऑट. ऑटकडे एक्का आणि अठ्ठी, ब्लमस्टीनकडे एक्का आणि दुर्री. सगळी रक्कम मध्ये आली तेव्हा ऑटचे पारडे जड होते. चार पाने उघडली तरी ते जडच होते. शेवटचे पान उरले. न पाहिलेल्या ४४ पानांत ब्लमस्टीनला वाचवणाऱ्या तीनच दुर्र्या होत्या. त्यांतली एक पडली. ब्लमस्टीनची रास आधीच मोठी होती. तो डाव हरला असता तरी खेळ चालूच राहिला असता. पण ऑटचा खेळ तिथे संपला, आणि ८१ लाख डॉलरांहून अधिक रकमेचे पहिले बक्षीस ब्लमस्टीनला मिळाले.

एकीकडे तीन एक्के असून पहिल्या तासाला उठलेली बाई, दुसरीकडे दुर्रीच्या जोरावर जगज्जेता झालेला तरुण. कपट कोणी केले नाही. पाने पिसणारा तटस्थ होता, सहा-सात कॅमेरे रोखलेले होते, नियम सर्वांना सारखे होते. शकुनी कोठेच नाही. आता बोला.

पहिली प्रतिक्रिया असते ती "हा अन्याय आहे" अशी. हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. अन्याय करायला कर्ता लागतो. त्या सत्तीच्या मनात सेल्ब्स्टबाईंविषयी काही आकस नव्हता. पिसलेल्या ५२ पानांच्या गठ्ठ्याला ती कोण हेही ठाऊक नव्हते. अन्यायाविरुद्ध दाद मागता येते, दुर्दैवाविरुद्ध मागता येत नाही. आणि या दोहोंत गल्लत केली की माणूस एक तर देवाशी भांडत बसतो, नाहीतर शेजाऱ्यावर संशय घेतो. अशा किती माणसांचे आयुष्य अस्तित्वातच नसलेला शकुनी शोधण्यात गेले असेल.

पण नुसते "हे दुर्दैव" म्हणूनही भागत नाही. कोणत्याही दुर्दैवाची गोष्ट कुठून सुरू करायची हा प्रश्न उरतोच, आणि तो माझ्या धंद्यातला प्रश्न आहे. २००३ सालच्या मुख्य स्पर्धेतला एक डाव घ्या. ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीचा एक हिशेबनीस इंटरनेटवरच्या छोट्या पात्रता-खेळातून तिथवर पोचला होता. खेळणारे दहाच उरले असताना त्याची गाठ फिल आयव्ही या कसलेल्या खेळाडूशी पडली. मनीमेकरला तीन राण्या जुळल्या होत्या आणि आयव्हीकडे नव्व्यांची नुसती जोडी होती. चौथे पान नव्वी पडले, आणि आयव्हीचे फुल हाऊस झाले. आता आयव्ही पुढे. सगळे पैसे मध्ये आले. पाचवे पान एक्का पडले, त्याने मनीमेकरचे आणखी मोठे फुल हाऊस झाले, आणि आयव्ही दहाव्या क्रमांकावर बाहेर गेला.

आता सांगा, दुर्दैवी कोण? गोष्ट चौथ्या पानापासून सांगितली तर आयव्ही. बिचारा पुढे असताना शेवटच्या पानाने त्याचा घात केला. तिसऱ्या पानापासून सांगितली तर मनीमेकर. त्याच्या तीन राण्या असताना एका नव्वीने त्याला बुडवायला घेतले होते, पुढच्या पानाने फक्त ऋण फेडले. सेल्ब्स्टची गोष्टही तशीच. ती सत्तीपासून सुरू केली तर दैवाने तिला लुटले. पण त्याआधी तिला दोन एक्के दिले ते कोणी? दोन एक्के हाती येण्याचा योग २२१ डावांत सरासरी एकदा. त्यावर तिसरा एक्का. ज्या गठ्ठ्यातून ती सत्ती आली, त्याच गठ्ठ्यातून ते एक्के आले होते. एक्के आले तेव्हा "हे माझे नव्हे" असे म्हणून कोणी परत करीत नाही. एक्के घेताना ते आपले, आणि सत्ती पडली की ती दैवाची, हा हिशेब कुठल्याच वहीत जुळायचा नाही.

यात कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. चांगली पाने हाती आली की ती आपल्याच गुणाचा भाग वाटू लागतात, हा मनुष्यस्वभाव आहे. 'माझे एक्के' म्हणता म्हणता माणूस 'माझा विजय' म्हणू लागतो. बळकट हात म्हणजे विजयाचा सातबारा नव्हे. तो फक्त शक्यतेचा एक आकडा असतो. दोन एक्के आणि दोन बादशहा समोरासमोर आले तर शंभरात सुमारे ८२ वेळा एक्के जिंकतात. उरलेल्या १८ वेळा ते हरतात, आणि ते १८ डाव खेळाचा बिघाड नसतात, खेळच असतो. शंभरच्या शंभर वेळा एक्के जिंकू लागले तर त्यांच्यासमोर कोणी बसणारच नाही.

स्पर्धेत तर हा आकडा आणखी निष्ठुर होतो. समजा, एक खेळाडू इतका शहाणा आहे की सर्वस्व पणाला लावायची वेळ येते तेव्हा त्याची जिंकण्याची शक्यता नेहमीच शंभरात ८० असते. अशा पाच प्रसंगांतून तो जिवंत राहील का? ८० टक्क्यांचा पाच वेळा गुणाकार करून पाहा: शंभरात जेमतेम ३३. दहा प्रसंग आले तर शंभरात ११ च्या आत. म्हणजे सदैव योग्य वागणारा माणूसही बहुधा वाटेतच उठणार. आणि जो शेवटपर्यंत टिकतो तो? त्याच्याही एक्क्यांची परीक्षा पाच वेळा झाली, पाचही वेळा ते उभे राहिले. पण त्या पाच सुदैवांची गोष्ट तो कुणाला सांगत नाही, कारण ती त्याला घडलेली दिसतच नाहीत. त्याला वाटते, जे व्हायला हवे होते तेच झाले. दुर्दैव आवाज करते आणि सुदैव बिनआवाजाचे असते. पोकरच्या मेजाभोवती रडगाणी ऐकायला मिळतात ती सगळी हरलेल्या एक्क्यांची. त्यांना तिथे 'बॅड बीट' म्हणतात, आणि ती ऐकायचा सर्वांना कंटाळा असतो. जिंकलेल्या एक्क्यांना मात्र नावच नाही.

हे सारे मी वहीत मांडून ठेवले होते तेव्हा मला ते फार समाधानकारक वाटत होते. मग माझ्या भाच्याने त्याची कसोटी घेतली. तो पुण्यात नोकरी करतो, इंजिनीयर आहे, आणि हिशेबाने, ठरवलेल्या रकमेबाहेर न जाता, पोकर खेळतो. वर्षभर पैसे बाजूला टाकून तो गोव्याला, मांडवीच्या पात्रातल्या एका कॅसिनोत स्पर्धेसाठी गेला. दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला. आणखी थोडे उठले असते तर उरलेल्या प्रत्येकाला काही ना काही मिळाले असते. अशा स्पर्धांत साधारण सात-आठांतल्या एकाला बक्षीस असते. तेवढ्यात त्याला दोन एक्के आले, समोरच्याने हलकी पाने घेऊन सर्वस्व लावले, आणि शेवटच्या पानाला एक्के हरले. परत आल्यावर दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "मामा, माझं काय चुकलं ते सांगा."

"काही चुकलं नाही," मी म्हणालो.

"मग मला शिक्षा कसली?"

घरच्यांची उत्तरे त्याला मिळून चुकली होती. वडील म्हणाले होते, जुगार तो जुगारच. मित्र म्हणाले होते, जरा थांबला असतास, पाने टाकून दिली असतीस तर? पहिल्या उत्तराबद्दल मी वाद घालणार नाही. जुगाराने संसार धुळीला मिळालेले मी पाहिले आहेत, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना संसदेने २०२५ साली मनाई केली ती उगीच नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पानी नशिबाचा. अशा वर्गवारीची कायद्याला गरज असते. पण भाच्याचा प्रश्न कायद्याचा नव्हता. दुसरे उत्तर मात्र मला अधिक वाईट वाटते, कारण ते शहाणपणाचा आव आणते. तेच एक्के जिंकले असते तर हेच मित्र "शाब्बास, छातीचा खेळाडू" म्हणाले असते. निकाल पाहून मग कृतीचे गुण ठरवायचे, हा आपला रोजचा उद्योग आहे. जूनमध्ये निकाल लागला की शिक्षकांच्या खोलीत पूर्वी 'हूड' असलेला मुलगा 'तेजस्वी' होतो आणि पूर्वी 'होतकरू' असलेला 'आळशी'. मुलगे तेच असतात.

तत्त्वज्ञांनी याला नाव दिले आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोघांनी १९७६ साली 'नैतिक दैव' या विषयावर समोरासमोर निबंध वाचले. नेगलचे उदाहरण ट्रकवाल्याचे आहे. ब्रेक तपासून घेण्यात थोडी हयगय केलेला एक चालक. त्याच्यासमोर मूल धावत आले तर तो जन्मभर अपराधी, न आले तर तो घरी जाऊन जेवतो. हयगय दोघांची सारखीच. मूल रस्त्यावर येणे न येणे चालकाच्या हाती नव्हते, तरी आपण दोघांना सारखे तोलत नाही, आणि तोलू नये असेही आपल्याला पुरते वाटत नाही. भाच्याचा प्रश्न याच कोड्याची दुसरी बाजू आहे. तिथे चूक सारखी आणि फळ वेगळे. इथे शहाणपण सारखे आणि फळ वेगळे.

माझ्या पिढीच्या माणसाला अशा वेळी गीता आठवते. कर्म करावे, फळावर हक्क सांगू नये. यासारखा आधार नाही हे मी मानतो. गणिती माणूस तेच दुसऱ्या भाषेत सांगतो: हजार डाव खेळ, मग एक्के आपली किंमत वसूल करतील. पण दोन्ही उपदेश करताना एक गोष्ट पाहायला हवी. गणितीचा हजार डावांचा दिलासा स्पर्धेत पोचत नाही. वर्षातून एकदा, पोटाला चिमटा घेऊन आलेल्याला हजार डाव कोण देणार? आयुष्यातले मोठे पण बहुतेक एकदाच लागतात. लग्न हजारदा होत नाही, दहावीची परीक्षा हजारदा येत नाही, आणि शेतकऱ्याच्या उमेदीच्या वर्षांतले पावसाळे हाताच्या नि पायाच्या बोटांवर मोजता येतात. आणि फळाची आशा सोडण्याचा उपदेश माणसाने स्वतःला करायचा असतो. हरलेल्याने तो स्वतःला केला तर ते वैराग्य. जिंकलेल्याने राशी आवरता आवरता हरलेल्याला केला तर तो निर्लज्जपणा. मी जिंकलेला नव्हतो, हरलेलाही नव्हतो, तरी भाच्याला गीता सांगायला माझी जीभ रेटली नाही.

कादंबरीकार म्हणूनही मला त्याला काही देता आले नाही. नायकाचे भवितव्य एका दुर्रीवर ठरवले तर संपादक हस्तलिखित परत पाठवील. वाचकाला कारण हवे असते. पडला तर का पडला, त्याच्या स्वभावातच त्याचे बीज होते का. आम्ही लोकांना अशी सवय लावली आहे की प्रत्येक पराभवामागे स्वभाव असतो. त्या सवयीची किंमत हरलेली माणसे देतात. स्वतःतच खोट शोधीत बसतात.

मग त्याला सांगण्यासारखे काहीच नाही का? आहे, असे मला पुढे वाटू लागले, आणि ते मला त्याच खेळाने शिकवले. २०१४ साली लास व्हेगासला एक स्पर्धा झाली तिची प्रवेश फी १० लाख डॉलर होती. त्यात कॉनर ड्रिनन आणि कॅरी कॅट्झ या दोघांनी सगळी रक्कम पुढे लोटली आणि पाने उघडली. दोघांकडेही दोन-दोन एक्के. चारही एक्के दोघांत वाटले गेलेले. अशा वेळी शंभरात जवळजवळ ९६ वेळा बरोबरी होते आणि रक्कम विभागली जाते. कोणी तरी एक जिंकण्याची शक्यता प्रत्येकी शंभरात दोनहून किंचित जास्त. मेजावर बदामाची चार पाने पडली. बदामचा एक्का कॅट्झकडे होता. ड्रिनन उठला.

या डावात गुणावगुणाचा, शहाणपणाचा, धैर्याचा काहीच फरक उरलेला नाही. दोघांनी तेच केले, त्याच पानांवर केले. एकाच्या एक्क्यावर बदाम छापलेला होता एवढेच. इथे "तो अधिक लायक होता" असे म्हणायची कोणालाही सोय नाही. आणि अशी सोय संपली की डोके स्वच्छ होते. आपल्या लक्षात येते, की पान पडल्यावर करण्यासारखे काहीच नसते. जे काही करता येते ते पाने वाटण्यापूर्वी.

आणि पोकर खेळणारे, ज्यांना आपण निष्ठुर जुगारी समजतो, ते नेमके हेच करीत आले आहेत. स्पर्धेला बसण्यापूर्वी दोन मित्र आपसात ठरवतात: तुझ्या बक्षिसातले शंभरात पाच मला, माझ्यातले पाच तुला. एक उठला तरी दुसऱ्याच्या टिकण्यात त्याचा वाटा राहतो. स्पर्धेबाहेरच्या रोखीच्या डावांत दोघांची संमती असेल तर उरलेली पाने दोनदा मांडतात आणि अर्धी-अर्धी रक्कम प्रत्येक वेळच्या विजेत्याला देतात, म्हणजे एकाच पानाने कोणाचा निकाल लागू नये. अमेरिकेतल्या अनेक कार्डरूममध्ये प्रत्येक डावातून थोडी रक्कम काढून एका निधीत टाकतात. कोणी फार बळकट हात असून हरला, तर त्या निधीतला मोठा वाटा हरलेल्याला, त्याहून लहान जिंकलेल्याला, आणि उरलेला मेजावरच्या बाकीच्यांना मिळतो. त्यात मालकाचा धंद्याचा डावही आहे, गिऱ्हाईक खेचण्याची ती युक्ती आहे, हे मी जाणतो. तरी त्यामागचे तत्त्व पाहा. दुर्दैव नाहीसे करता येत नाही, पण ते एकट्याच्या अंगावर पडू द्यायचे की नाही हे ठरवता येते.

मात्र हे ठरवण्याची वेळ एकच असते. पाने झाकलेली असताना, आपल्याला एक्के येतील की दुर्र्या हे कोणालाच माहीत नसताना, मित्र सहज हात पुढे करतो. पाने उघडल्यावर तोच मित्र एक्क्यांकडे पाहतो आणि त्याला पाच टक्के फार वाटू लागतात. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स याने १९७१ साली न्यायावरच्या आपल्या ग्रंथात समाजाचे नियम असेच ठरवावेत असे सुचवले: आपण श्रीमंत जन्मणार की गरीब, हुशार की मंद, हे माहीत नाही असे धरून. ग्रंथ अवघड आहे. पण दोन खेळाडू मेजाकडे जाता जाता जो शब्द एकमेकांना देतात तो समजला की रॉल्सचे अर्धे म्हणणे समजते.

भाच्याला मी हे पुढच्या भेटीत सांगितले. म्हणालो, "तुला शिक्षा झाली नाही आणि तुझ्यावर अन्यायही झाला नाही. तू नीट खेळलास, हे हरल्याने खोटं होत नाही. पण तू एकटा गेलास."

तो म्हणाला, "जिंकलो असतो तर सगळं माझं झालं असतं, म्हणून एकटा गेलो."

"हो. सगळं तुझं झालं असतं, आणि ते तुला तुझंच वाटलं असतं."

तो काही बोलला नाही. त्याचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. हरलेल्या एक्क्यांचे समाधान युक्तिवादाने होत नाही, आणि तसे ते होऊ लागले तर मला युक्तिवादाचाच संशय येईल.

मला स्वतःला या विचारातून एक गोष्ट मिळाली, आणि ती हरणाऱ्यांपेक्षा जिंकणाऱ्यांना उद्देशून आहे. हरलेल्याला न्याय मागता येत नाही हे खरे. पण त्याचा अर्थ जिंकलेला कोणाचे काही लागत नाही असा होत नाही. ज्याचे एक्के उभे राहिले त्याने निदान एवढे ओळखावे की ते पडूही शकले असते, आणि समोरच्याचे पडले ते त्याच्या नालायकीने नव्हे. ही ओळख पटली की माणूस हरलेल्याला शहाणपण शिकवीत नाही, आणि पुढल्या वेळी पाने वाटण्यापूर्वी शब्द मागितला तर देतो.

आमच्या वर्गात दरवर्षी पन्नास-साठ मुले नवी येऊन बसतात. कोणाच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, कोणाच्या घरी अभ्यासाला बसायला कोपरा नाही. कोणाची स्मरणशक्ती उपजत तीक्ष्ण, कोणाची आई अंथरुणाला खिळलेली. यांची पाने वाटून झालेली आहेत, ती मला बदलता येत नाहीत. पहिल्या बाकावरचा मुलगा आपले एक्के आपल्या गुणाचेच समजतो, आणि त्याच्या वयात ते क्षम्य आहे. पण यांच्या मागून जी मुले यायची आहेत, त्यांची पाने अजून कोणालाच दिसलेली नाहीत. त्यांत कोणाचे नातवंड कोणती पाने घेऊन बसेल हे आज कोणीही सांगू शकत नाही. त्यांच्यासाठी काही शब्द द्यायचा असेल, तर तो आताच द्यायला हवा.